गाडीचा रंग आणि धुणाऱ्याचे हात

पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास शहरातल्या बहुतेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये एक दृश्य हमखास दिसते. एक बादली, खांद्यावर दोन फडकी आणि एकामागून एक गाड्या पुसत जाणारा माणूस. मालक मंडळी कामावर निघण्याआधी त्याला दहा-पंधरा गाड्या उरकायच्या असतात. त्याचे हात जवळून पाहिले तर बोटांच्या बेचक्यांत भेगा दिसतात, नखांच्या कडा सुजून लालसर झालेल्या असतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘पाण्यातले काम आहे, एवढे चालायचेच.’

गाडीच्या बॉनेटवर नवा ओरखडा दिसला, तर मात्र त्याच दिवशी चौकशी होते. वास्तविक या दोन्ही तक्रारींचे मूळ बरेचदा एकच असते. ज्या पद्धतीने गाडीचा रंग खराब होतो, त्याच पद्धतीने धुणाऱ्याचा हातही खराब होतो. म्हणून गाडी नीट धुण्याची रीत समजून घेतली तर दोन्ही वाचतात. रविवारी हौसेने स्वतःची गाडी धुणाऱ्यांनाही हे तितकेच लागू आहे.

दोन पातळ थर

गाडीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. पत्र्याला गंज लागू नये म्हणून खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर. यालाच क्लिअर कोट म्हणतात. चकाकी असते ती या थराची. ऊन, पाऊस, धूळ हे सगळे तोच झेलतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी.

आपल्या त्वचेवरही असाच एक संरक्षक थर असतो. तो मृत, चपट्या पेशींचा बनलेला असतो आणि त्या पेशींच्या मधे स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. विटांच्या भिंतीत विटा आणि सिमेंट असावे, तशी ही रचना. तळहात आणि तळपाय सोडले तर शरीरावर बहुतेक ठिकाणी या थराची जाडी १० ते २० मायक्रॉनच असते, म्हणजे गाडीच्या क्लिअर कोटपेक्षाही कमी. शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरची रसायने, जंतू आत येऊ न देणे ही दोन्ही कामे तो करतो.

त्वचेचा थर झिजला तरी पुन्हा तयार होतो, हा दोघांतला मोठा फरक. पण त्यासाठी त्याला उसंत मिळावी लागते. हात वरून बरे दिसू लागले तरी आतली भिंत पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. रोज दोन-तीन तास साबणाच्या पाण्यात हात घालणाऱ्याला ही उसंत मिळतच नाही.

कोरडे फडके नको

आपल्याकडे गाडी ‘पुसायची’ म्हणजे कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, अशी सवय आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळूतले क्वार्ट्झ क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असते. कोरडे फडके फिरवले की हे कण रंगावर घासले जातात. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या बहुतेक अशाच तयार होतात. तीच धूळ हवेत उडून पुसणाऱ्याच्या नाकातोंडात जाते. ज्याला दमा आहे, त्याला याचा त्रास लगेच जाणवतो.

कबुतरांच्या विष्ठेबाबत तर अधिक सावध राहायला हवे. पक्ष्यांच्या विष्ठेतील यूरिक आम्ल गाडीच्या रंगावर बसते, उन्हाने रंग तापला की तिथे खोलवर डाग पडतो. हा डाग नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडला तर विष्ठेची भुकटी श्वासावाटे आत जाते. असे वारंवार झाले तर काही जणांच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते. कोरडा खोकला, चालताना लागणारी धाप आणि पुढे फुप्फुस कडक होणे, असा हा आजार वाढत जातो. विष्ठेतून काही बुरशीजन्य आजारही होऊ शकतात. उपाय साधा आहे. विष्ठेवर ओले फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे, ती मऊ झाली की अलगद उचलून घ्यावी. तोंडाला मास्क असावा. रंगही वाचतो, फुप्फुसेही वाचतात.

कपड्याची पावडर गाडीला का नको?

बादलीत मूठभर कपडे धुण्याची पावडर टाकणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. पण ही पावडर पाण्यात विरघळली की ते पाणी बरेच अल्कधर्मी होते, म्हणजे त्याचा पीएच दहाच्या आसपास जातो. कपड्यावरचा तेलकट मळ काढणे हे तिचे काम. त्यामुळे गाडीवर लावलेले वॅक्स ती धुऊन टाकते. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच पाचच्या आसपास असतो. त्वचेच्या ‘भिंती’तले स्निग्ध पदार्थही या पावडरीने निघून जातात. भिंत पोकळ झाली की पाणी उडून जाते, त्वचा कोरडी पडते, खाजते आणि शेवटी भेगाळते. हा हाताचा इसब. सुरुवात बहुधा बोटांच्या बेचक्यांत किंवा अंगठीखाली होते, कारण तिथे साबण अडकून राहतो.

भेगाळलेल्या त्वचेतून पुढे इतर रसायने आत शिरतात. शाम्पू, पॉलिश यांत घातलेली टिकाऊपणाची रसायने किंवा रबरी हातमोज्यांतील काही घटक यांची ॲलर्जी मग जडू शकते. एकदा ॲलर्जी जडली की थोडासा संपर्कही पुरतो. नखाच्या मुळाशी असलेली नाजूक कड सतत ओली राहिल्याने सुटते, आत बुरशी व जंतू शिरतात आणि नखुर्डे वारंवार होऊ लागते.

गाडीसाठी मिळणारा पीएच न्यूट्रल शाम्पू पावडरीपेक्षा महाग वाटतो. पण बादलीभर पाण्याला तो थोडाच लागतो आणि तो रंगाला व हाताला, दोन्हींना सौम्य असतो. मात्र सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. हात तासन्‌तास ओले राहणे हेच मुळात त्वचेला मानवत नाही.

उशिरा दुखणारे ॲसिड

चाकांवरचा काळा थर, अल्युमिनियमवरची मलीन छटा किंवा गंजाचे डाग झटपट काढणारी काही द्रावणे बाजारात मिळतात. काहींत हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ते लागले की लगेच आग होते आणि माणूस हात मागे घेतो. त्याहून धोकादायक आहे हायड्रोफ्लुओरिक आम्ल. हे सौम्य प्रमाणात असेल तर लागल्यावर लगेच काही जाणवत नाही. कधी काही तासांनी, कधी तर दुसऱ्या दिवशी बोटांत खोलवर असह्य ठणका सुरू होतो. तोवर आम्लातील फ्लुओराइड त्वचेखालच्या पेशींत उतरलेले असते. तिथे ते कॅल्शियमला चिकटते. जास्त प्रमाणात शरीरात गेले तर रक्तातले कॅल्शियम घसरते आणि हृदयाची लय बिघडून मृत्यूही ओढवू शकतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात मोटारी व ट्रक धुण्याच्या कामाशी संबंधित अशा भाजण्याच्या ४८ घटना नोंदल्या गेल्या. सात कामगारांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांतील दोघांवर शस्त्रक्रिया झाली. याखेरीज ट्रक धुणाऱ्या एका कामगाराचा असे द्रावण पोटात गेल्याने मृत्यू झाला. जिथे बाटलीवर घटकांची नावे छापलेली असतात तिथली ही स्थिती आहे. आपल्याकडे अशी द्रावणे अनेकदा कॅनमधून सुटी ओतून दिली जातात आणि वापरणाऱ्याला ‘ॲसिड आहे, जपून’ यापलीकडे काही सांगितले जात नाही.

असे द्रावण अंगावर पडले तर कपडे, अंगठी काढून वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटे तो भाग धुवावा आणि दुखत नसले तरी थेट रुग्णालयात जावे. द्रावणाची बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा, कारण या भाजण्यावर वेगळा उपचार लागतो : कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल, गरज पडल्यास त्याची इंजेक्शने. नेहमीचे भाजल्याचे मलम लावून घरी बसणे घातक ठरते. पातळ हातमोजे या आम्लाला पुरेसे अडवत नाहीत. त्यामुळे घरी ते वापरूच नये, हे उत्तम.

डांबराचे ठिपके काढायला रॉकेल, पेट्रोल वापरण्याची पद्धतही सोडायला हवी. त्याने त्वचा कोरडी होते आणि आगीचा धोका असतो. यातली कोणतीही वस्तू पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. लहान मूल ती पाणी समजून पिते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवू नये, उलटीबरोबर ते फुप्फुसात जाते. ताबडतोब रुग्णालय गाठावे.

पाण्याचा झोत

घरगुती प्रेशर वॉशर आता सहज मिळतात. मोटारीच्या टायरमधला दाब साधारण दोन ते अडीच बार असतो, तर या यंत्रातून येणाऱ्या पाण्याचा दाब १०० बारच्या पुढे जातो. जवळून मारलेला झोत जसा रंगाचा पोपडा उडवतो, तसा तो बोटाची त्वचा भेदून पाणी आणि साबण आत ढकलतो. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी जखम दिसते, आत मात्र बोटातल्या मोकळ्या जागेतून द्रव तळहातापर्यंत पसरलेला असू शकतो. अशा ‘किरकोळ’ जखमेसाठी त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे, उशीर झाला तर बोट गमवावे लागू शकते. झोत कधीही माणसाच्या दिशेने धरू नये, चेष्टेतही नाही.

पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे शॉकचा धोका असतोच. ओल्या त्वचेतून वीज सहज शिरते. ज्या प्लगवर यंत्र चालते त्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे ईएलसीबी असावे. वायर डबक्यातून नेऊ नये, पायात रबरी बूट हवेत.

वॅक्स आणि कोटिंग

धुतल्यानंतरचे संरक्षण हेही गरजेचे. ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांपासून मिळणारे वॅक्स जुने आणि तुलनेने साधे. सिरॅमिक कोटिंग सिलिकाच्या रसायनांपासून बनते आणि रंगावर काही मायक्रॉनचा कठीण थर तयार करते. त्यातील द्रावकांच्या वाफेने डोके दुखते, गरगरते. म्हणून हे काम उघड्या हवेत, हातमोजे घालून करावे.

पाणी टिकू न देणारे काही स्प्रे मात्र विशेष जपून वापरायचे. फ्लुओरोपॉलिमर असलेल्या अशा स्प्रेचे सूक्ष्म थेंब बंद गॅरेजमध्ये श्वासातून गेले तर काही तासांतच खोकला, ताप, धाप सुरू झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत. स्प्रे थेट काचेवर न मारता बाहेर, फडक्यावर घेऊन लावावा. फवारल्यानंतर धाप लागली तर वाट पाहू नये.

पावसाळ्यातला वेगळा धोका

मुंबई, कोकणात पावसाळ्यात पार्किंगच्या तळघरात पाणी साचते आणि उंदीरही तिथेच असतात. त्यांच्या लघवीतले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू भेगाळलेल्या हातापायांतून शरीरात शिरतात. अनवाणी गाडी धुणाऱ्याच्या पायांच्या बोटांत चिखल्या असतील तर या जंतूंना दारच उघडे मिळते. साचलेल्या पाण्यात काम केल्यानंतर पुढच्या काही दिवसांत जोराचा ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप आवर्जून सांगावे. वेळीच प्रतिजैविके सुरू झाली तर आजार आटोक्यात येतो.

काय करावे?

गाडी सावलीत, बॉनेट थंड असताना धुवावी. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. दोन बादल्या ठेवाव्यात, एकीत शाम्पू आणि दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. बोअरवेलचे जड पाणी अंगावर वाळू देऊ नये, त्याचे पांढरे डाग राहतात.

हातांसाठी नियम याहून सोपे आहेत. अंगठी काढावी. कोरड्या हातांवर आधी पातळ सुती आणि वरून लांब बाह्यांचे नायट्राइलचे हातमोजे घालावेत. फाटलेला हातमोजा नसल्यापेक्षा वाईट, कारण आत साबण साठतो. काम संपल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडे करावेत आणि पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चोळावे. रात्री झोपताना पुन्हा एकदा. डोळ्यात काही उडाले तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे.

हाताला खाज सुटली म्हणून औषधाच्या दुकानातून स्टिरॉइड आणि बुरशीविरोधी औषध एकत्र असलेले मलम आणून लावू नये. चार दिवस बरे वाटते, पण त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते पसरते, पुढे औषधालाही दाद देईनासे होते. इसब आणि गजकर्ण यांतला फरक डॉक्टरांनीच ठरवावा. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ही तपासणी होते.

आणि ज्यांची गाडी दुसरे कोणी धुते त्यांनी महिन्याच्या पगाराबरोबर एक शाम्पूची बाटली, हातमोज्यांचे दोन जोड आणि रबरी बूट द्यावेत. सिरॅमिक कोटिंगच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. पुढच्या वेळी बॉनेटवरचा ओरखडा दाखवायला त्या माणसाला हाक माराल, तेव्हा त्याच्या बोटांकडेही एकदा पाहा.