शरीर ही अमानत आहे: व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी

गेल्या उन्हाळ्यात असरच्या नमाजनंतर आमचा एक जुना विद्यार्थी मशिदीच्या पायऱ्यांजवळ थांबला. वय एकवीस, दंड भरलेले, खांदे रुंद. पण पहूरच्या त्या उकाड्यातही अंगात जाड जॅकेट. "सर, एकट्याने बोलायचं आहे, अम्मीला सांगू नका," म्हणाला. बराच वेळ घुटमळून त्याने सांगितले की, छातीवर दोन्ही बाजूंना गाठीसारखी सूज आली आहे, कपडा घासला तरी दुखते आणि चार महिन्यांवर निकाह येऊन ठेपला आहे.

चौकशी केल्यावर सगळी हकीकत कळली. आठवी-नववीत असताना त्याची छाती थोडी फुगलेली दिसायची. मुलांनी त्यावरून एक नाव पाडले. त्या नावाने तो क्रिकेट सोडून बसला, नदीवर पोहायला जाईनासा झाला. मग छाती "मर्दासारखी" करायची म्हणून जिमला लागला. तिथे ओळखीच्या एकाने इंजेक्शने सुचवली. दंड वाढले, पण ज्या गोष्टीपासून तो पळत होता तीच दुप्पट झाली. ते पाडलेले नाव आम्ही वर्गात ऐकले होते आणि मुलांची थट्टा समजून सोडून दिले होते, हे इथे कबूल करतो.

असे तरुण आज अनेक घरांत आहेत. ते वडिलांशी बोलत नाहीत, डॉक्टरकडे जायला लाजतात आणि मोबाईलवर "इस्ट्रोजेन कमी करा" असे शोधून मिळेल ते चूर्ण घेतात. म्हणून हा विषय घराघरांत उघडपणे बोलला जावा असे आम्हाला वाटते.

इस्ट्रोजेन पुरुषातही असते

इस्ट्रोजेन हे बायकांचे संप्रेरक, असे आपण समजतो. प्रत्यक्षात अल्लाहने ते पुरुषाच्या शरीरातही ठेवले आहे, आणि विनाकारण नाही. पुरुषाची हाडे मजबूत राहण्यासाठी, वैवाहिक इच्छेसाठी आणि शुक्राणू तयार होण्यासाठी ते थोड्या प्रमाणात लागतेच. पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन हे मुख्य संप्रेरक असते. त्यातला काही भाग अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर इस्ट्रोजेनमध्ये बदलते. हे काम बरेचसे शरीरातल्या चरबीत चालते. म्हणून पोट जितके सुटलेले तितके हे रूपांतर जास्त. वापरून झालेले इस्ट्रोजेन यकृत मोडते आणि ते लघवी व शौचावाटे बाहेर पडते. तेव्हा ते शून्यावर आणायचे नसते, तोल सांभाळायचा असतो.

वयात येताना हा तोल काही काळ डळमळतो. त्यामुळे पुष्कळ मुलांच्या छातीवर सूज येते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. आमच्या त्या विद्यार्थ्याला हे एक वाक्य चौदाव्या वर्षी कोणी सांगितले असते, तर पुढचे सगळे टळले असते.

इंजेक्शनाने उलटे का होते?

बाहेरून टेस्टोस्टेरॉन किंवा त्यासारखे स्टेरॉईड घेतले की शरीरात त्याचा पूर येतो. जास्तीचा माल इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि छातीची गाठ वाढते. दुसरीकडे, मेंदूला वाटते की माल भरपूर आहे, म्हणून तो अंडकोषांना काम थांबवायचा निरोप देतो. अंडकोष आकसतात, शुक्राणू घटतात, कधी जवळजवळ संपतात. इंजेक्शन बंद केल्यावर स्वतःची निर्मिती पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात. त्या काळात उदासी आणि थकवा येतो, म्हणून मुलगा पुन्हा सुईकडे वळतो. मग छातीची सूज दाबायला दुसऱ्या गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्यांपैकी काही मुळात स्तनाच्या कर्करोगावरची औषधे आहेत. डॉक्टरशिवाय त्या घेऊन इस्ट्रोजेन फार खाली गेले, तर हाडे आणि सांधे त्याची किंमत मोजतात.

नैसर्गिक मार्ग कोणते?

पहिला मार्ग चरबी उतरवण्याचा. वजन जास्त असलेल्या माणसाचे वजन हळूहळू उतरले की टेस्टोस्टेरॉन वाढते आणि इस्ट्रोजेन खाली येते. मात्र उपाशी राहून नव्हे. फार कमी खाल्ले तर टेस्टोस्टेरॉनही घसरते. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची प्रेषित (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. दावतीच्या दस्तरखानावर मात्र ती विसरतो.

दुसरा मार्ग झोपेचा. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. आपली मुले इशानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाईल पाहतात आणि सकाळी जिममध्ये ताकद शोधतात. इशानंतर लवकर झोपून फज्रला उठणे, हे कोणत्याही डब्यातल्या पावडरीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहे.

तिसरा मार्ग व्यायामाचा. आठवड्यातून तीन-चार दिवस वजनाचा व्यायाम, मांड्या-पाठ अशा मोठ्या स्नायूंवर भर, आणि मधे विश्रांतीचे दिवस. रोज तीन तास घाम गाळल्याने स्नायू वाढत नाहीत, शरीर थकते.

चौथा मार्ग ताटाचा. आपल्या खान्देशात यासाठी परदेशी काही आणावे लागत नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, मटकी, वांग्याचे भरीत, मेथी, कोबी यांत चोथा भरपूर असतो आणि चोथा इस्ट्रोजेन बाहेर टाकायला मदत करतो. जस्त कमी पडले तर टेस्टोस्टेरॉन घटते. ते मटण, अंडी, तीळ, शेंगदाणे आणि डाळींतून मिळते. साठ किलोच्या साध्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने पुरतात, जोरदार व्यायाम करणाऱ्याला ९० ग्रॅमपर्यंत. चार अंडी, अर्धा लिटर दूध, शंभर ग्रॅम डाळ, शंभर ग्रॅम चिकन आणि मूठभर शेंगदाणे एवढ्यात हा हिशोब बसतो.

पाचवा मार्ग वर्ज्य गोष्टींचा. दारू यकृत बिघडवते आणि इस्ट्रोजेन वाढवते. आपल्याकडे ती हराम आहेच, पण जिमच्या मित्रमंडळींत "बिअरने काही होत नाही" म्हणणारे भेटतात, म्हणून सांगावे लागते.

एक गैरसमजही काढून टाकू. सोयाबीन खाल्ल्याने पुरुषाची छाती वाढते असे मुले म्हणतात. नेहमीच्या प्रमाणात सोयाबीन खाल्ल्याने पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन वा इस्ट्रोजेन बदलत नाही, असेच अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. सोयाबीनच्या वड्या बिनधास्त खा.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

गाठ एकाच बाजूला आणि कडक असेल, बोंडातून पाणी किंवा रक्त येत असेल, सूज झपाट्याने वाढत असेल किंवा दोन वर्षांनंतरही जात नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. थायरॉईड, यकृताचे आजार आणि काही औषधे यांनीही अशी सूज येते. जुनी, घट्ट झालेली गाठ आहाराने विरत नाही, तिला शस्त्रक्रिया लागू शकते. इंजेक्शने घेतली असतील तर डॉक्टरला खरे सांगावे.

ताकद आणि सब्र

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी बंगालचे मनोहर आइच मिस्टर युनिव्हर्स झाले. उंची पाच फुटांपेक्षा कमी, खाणे साधे भात-डाळ-मासे, आणि वयाची शंभरी ओलांडून २०१६ साली त्यांनी जगाचा निरोप घेतला. स्नायू वाढवण्यासाठी गाजलेली डायनाबॉल ही स्टेरॉईडची गोळी अमेरिकेत बाजारात आली ती १९५८ साली.

ताकद कमावणे आपल्या दीनमध्ये चांगलेच मानले आहे. पण शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि तिचाही आपल्यावर हक्क आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करू नका, वाईट नावे पाडू नका अशी ताकीद आहे. आम्ही ती आयत वर्गात अनेकदा समजावून सांगितली, पण त्या मुलाच्या वेळी पाळली नाही. आता वर्गात असे नाव कानावर आले की आम्ही धडा थांबवतो.

तो विद्यार्थी वडिलांना घेऊन जळगावला डॉक्टरकडे गेला. सुई बंद आहे. मुलीकडच्यांना खरे सांगून निकाहची तारीख पुढे घेतली, आणि ते नाराज झाले नाहीत. सूज थोडी उतरली आहे, थोडी आहे. परवा तो मशिदीत साध्या कुर्त्यात दिसला. अल्लाह त्याला आणि आपल्या सगळ्या मुलांना आफियत देवो. आमीन.