बेरोजगारीचा आकडा: देशाचा आणि जिल्ह्याचा

जुलै 2023 ते जून 2024 या वर्षात भारतातील पंधरा वर्षांवरील लोकांमध्ये बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता, आणि 4.9 टक्केही होता. दोन्ही आकडे सरकारी आहेत, एकाच पाहणीतले आहेत आणि बरोबर आहेत. पहिला आकडा मागच्या वर्षभराचा हिशेब धरतो. त्यात किमान तीस दिवसांचे दुय्यम काम असले तरी माणूस काम करणाऱ्यांत जमा होतो. दुसरा फक्त मागचे सात दिवस पाहतो. त्या आठवड्यात कुठल्याही एका दिवशी तासभर काम मिळाले, तरी तो बेरोजगार ठरत नाही.

या मोजपट्ट्या 1970 च्या दांतवाला समितीच्या अहवालातून पुढे आल्या. शेतीवर चालणाऱ्या देशाची बेरोजगारी एका आकड्यात मावणार नाही, असे समितीचे मत होते. त्यानुसार 1972-73 पासून साधारण पाच-पाच वर्षांनी देशव्यापी पाहण्या झाल्या. त्यात तिसरी, दैनिक स्थितीची पट्टीही आली. कापूस वेचणाऱ्या एखाद्या बाईला आठवड्यात एकच दिवस पूर्ण काम मिळाले आणि उरलेले सहा दिवस ती कामाला तयार असूनही घरी बसली, तर साप्ताहिक पट्टीवर ती रोजगारात असते; दैनिक पट्टीवर मात्र तिचे सहा दिवस बेरोजगारीचे लागतात. हंगामी मजुरीचे खरे चित्र इथेच दिसते. पण 2017 मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे ठळक दर पहिल्या दोन पट्ट्यांचेच असतात.

दराचा छेद म्हणजे श्रमबल, म्हणजे काम करणारे आणि काम मागणारे. काम शोधणे सोडून दिलेला माणूस छेदातूनच गळतो आणि दर उतरतो. उलटही घडते. स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगाराचा आहे, आणि घरच्या शेतात वा दुकानात बिनपगारी राबणेही त्यातच मोडते. एवढी वाढ ऐकून लगेच हुरळून जाऊ नये.

जानेवारी 2025 पासून दरमहा आकडे काढण्याच्या दृष्टीने सर्वेक्षणाची रचना बदलली. नमुना वर्षाला सुमारे पावणेतीन लाख कुटुंबांचा झाला आणि निवडीचे मूळ एकक बहुतेक ठिकाणी जिल्हा ठरले. एप्रिल 2025 चा पहिला मासिक दर 5.1 टक्के आला. तो साप्ताहिक पट्टीचा असल्याने 3.2 शी त्याची तुलना करणे गैर.

जिल्ह्याचा आकडा मात्र नाजूकच असतो. समजा, एका जिल्ह्याच्या नमुन्यात श्रमबलातले 900 लोक आले आणि त्यांत 27 बेरोजगार निघाले, तर दर 3 टक्के. नऊ माणसे इकडची तिकडे झाली की तो 2 किंवा 4 होतो. म्हणून स्थानिक पातळीवर इतर खुणाही पाहाव्या लागतात. सेवायोजन कार्यालयातील नावनोंदणी त्यांपैकी कच्ची खूण, कारण नोकरी असलेलेही नाव नोंदवून ठेवतात आणि गरजू मजूर तिथवर पोचतच नाही. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने कामाची मागणीच कागदावर आणली. पण मागणी नोंदवून घ्यायला कोणी नसले, की तीही दिसत नाही.

बीडमध्ये दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतो आणि हंगाम संपल्यावर परततो. वर्षाच्या हिशेबात दोघेही कामकरी. गावात शेतीचे काम नाही म्हणून ते गेले, हे बेरोजगारीच्या दरात नाही, स्थलांतराच्या नोंदीत शोधावे लागते.