अकरा मीटरवरचा बागुलबुवा!

दोस्ता, फुटबॉलमध्ये गोल करायची सगळ्यात सोपी संधी कोणती, सांग बरं?

पेनल्टी! चेंडू गोलपासून फक्त ११ मीटरवर. गोल केवढा? ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच! अडवायला एकटा गोलकीपर. मग काय, मारली किक की झाला गोल!

छे! भलेभले इथेच चुकतात.

बाद फेरीची मॅच बरोबरीत राहिली, तर पेनल्टी शूटआउटवर निकाल लावतात. दोन्ही संघ आळीपाळीने पाच-पाच किक मारतात. नॉर्वेच्या गेर योर्देट या शास्त्रज्ञाने अशा पुष्कळ किक तपासल्या. 'ही गेली की आपण जिंकलो!' अशी किक असेल, तर १०० पैकी सुमारे ९२ वेळा गोल. आणि 'ही चुकली की आपण हरलो!' अशी असेल तर? ६० पेक्षाही कमी!

चेंडू तेवढाच. अंतर तेवढंच. बदलला तो फक्त डोक्यातला विचार!

असं का होतं? तुला एकोणीसचा पाढा घडाघडा येतो ना? पण पाहुणे आले, आई म्हणाली, "म्हणून दाखव बरं!" की अडलीच गाडी! एरवी जीभ आपोआप चालते. 'चुकलं तर?' म्हणून आपण तिच्यावर पहारा बसवतो आणि ती अडखळते. खेळाडूच्या पायांचंही तेच! शिवाय घाबरलं की नजर सारखी गोलकीपरकडे जाते. मग किकही जाते त्याच्याच हातात!

इंग्लंडला विचार! वर्ल्ड कपमध्ये १९९०, १९९८ आणि २००६ साली शूटआउट झालं. तिन्ही वेळा हरले! दर वेळी लोकांचा घोष, 'आता तरी जिंका!' ओझं वाढतच गेलं.

मग कोच झाले गॅरेथ साउथगेट. गंमत म्हणजे १९९६ च्या युरो स्पर्धेत जर्मनीने यांचीच पेनल्टी अडवली होती! त्यांनी संघाकडून नुसत्या किकचा नाही, तर मैदानाच्या मध्यापासून चेंडूपर्यंत एकट्याने चालत जायचाही सराव करून घेतला. घाई अजिबात नाही! आणि गोलकीपर पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर चक्क यादी: समोरचा कोण कुठे मारतो!

३ जुलै २०१८, मॉस्को. समोर कोलंबिया. इंग्लंडची एक किक अडली. तरी कुणी गळाठलं नाही. ४-३! वर्ल्ड कपमधला त्यांचा पहिलावहिला शूटआउट विजय!

मग बागुलबुवा कायमचा पळाला? कुठला! २०२१ च्या युरो फायनलमध्ये इटलीने हरवलंच. शेवटची किक होती १९ वर्षांच्या बुकायो साकाची. अडली! पण २०२४ मध्ये स्वित्झर्लंडविरुद्ध साका पुन्हा पुढे झाला. गोल! त्या दिवशी इंग्लंडच्या पाचही किक जाळ्यात!

आता तू करून बघ. दोन दप्तरं ठेव, झाला गोल. आधी निवांत १० किक मार. मग मित्रमैत्रिणींना जोरजोरात आरडाओरडा करायला लाव आणि आणखी १० मार. दोन्ही वेळचे गोल मोज हं!