परीक्षेची भीती आणि उच्च कलनाचा अभ्यास

रायपूर शहराच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगडी बोलीत मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर प्रस्थापित झाल्यानंतर या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. त्यांची घरे तात्यापाऱ्यात आजही आहेत. शहरात १९६४ साली पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ स्थापन झाले. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी व छत्तीसगडी आणि वर्गात हिंदी किंवा इंग्रजी, अशा वातावरणात येथील मुले गणिताच्या पदवीपर्यंत पोहोचतात.

यांपैकी एखाद्या विद्यार्थ्याची उच्च कलनाच्या प्रश्नपत्रिकेच्या आदल्या रात्रीची अवस्था डोळ्यांसमोर आणा. वही तीनदा वाचून झाली आहे. प्रत्येक सिद्धता ओळखीची वाटते. तरीही वही मिटताच पहिली ओळ आठवेनाशी होते, तळहातांना घाम सुटतो आणि ‘हा विषय आपल्या कुवतीबाहेरचा आहे’ असा निष्कर्ष तो काढतो. पुष्कळ विद्यार्थी याच निष्कर्षामुळे गणित कायमचे सोडून देतात. तो निष्कर्ष बरोबर आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

प्रथम शरीराचा विचार करू. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके जलद होतात व स्नायूंकडे अधिक रक्त जाते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी या क्रियेचा सविस्तर अभ्यास केला. लढण्यास किंवा पळण्यास सज्ज करणारी ही व्यवस्था प्रश्नपत्रिका व वाघ यांत भेद करीत नाही. तेव्हा छातीतील धडधड ही बुद्धीच्या उणिवेची खूण नव्हे. परीक्षा आपणांस महत्त्वाची वाटते, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते.

परंतु भीती निरुपद्रवी असते असेही नाही. विचार करताना काही गोष्टी मनात एकाच वेळी धरून ठेवाव्या लागतात. मनाच्या या शक्तीला कार्यस्मृती म्हणतात, आणि तिची जागा फार थोडी असते. अ‍ॅशक्राफ्ट व कर्क यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, गणिताची धास्ती असलेल्या व्यक्तींची कार्यस्मृती गणिते करताना अपुरी पडते. काळजी स्वतःच त्या जागेचा काही भाग अडवून बसते.

उच्च कलनात याचा फटका अधिक का बसतो, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. क्ष या संख्येचा वर्ग करणारे फलन घ्या. क्ष ची किंमत १ असताना ती ०.०१ ने वाढविली, तर वर्ग ०.०२०१ ने वाढतो. क्ष ची किंमत १०० असताना तेवढीच वाढ केली, तर वर्ग २.०००१ ने वाढतो. फलन दोन्ही ठिकाणी संततच आहे. कारण क्ष मधील बदल पुरेसा लहान घेतला की वर्गातील बदल हवा तितका लहान करता येतो. मात्र ‘पुरेसा लहान’ म्हणजे किती, हे प्रत्येक बिंदूगणिक बदलते. सर्व बिंदूंना एकच माप पुरत असेल तरच त्यास एकसमान सांतत्य म्हणतात. शून्य ते एक या अंतराळात ते माप मिळते. संपूर्ण संख्यारेषेवर मिळत नाही.

येथे सर्व मर्म क्रमात आहे: बिंदू आधी निवडला की माप आधी? हा क्रम, दिलेली अचूकता आणि शोधावयाचे माप या तिन्ही गोष्टी मनात एकत्र असाव्या लागतात. काळजीने जागा अडविली की क्रम उलटतो, आणि विद्यार्थी एका व्याख्येच्या जागी दुसरी लिहून येतो.

यावर उपाय तयारीच्या पद्धतीत आहे. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो. पण ओळखणे व आठवणे या भिन्न क्रिया आहेत. रोडिजर व कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहता, दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना उताऱ्याचा शेकडा ४२ भाग आठवला, तर आठवून लिहिणाऱ्यांना शेकडा ५६. आदल्या रात्रीचे वाचन समाधान देते, परंतु ते समाधान फसवे असते.

म्हणून विद्यार्थ्याने परीक्षेच्या काही आठवडे आधीपासून वही मिटून कोऱ्या कागदावर सिद्धता लिहावी, अडेल तेथे थांबावे, आणि मगच वही उघडावी. तीच सिद्धता काही दिवसांच्या अंतराने पुन्हा लिहावी. प्रत्येक व्याख्येसोबत ती लागू पडणारे एक व न पडणारे एक उदाहरण ठेवावे. व्याख्या घरच्या भाषेत कोणास तरी समजावून सांगावी. आईला किंवा धाकट्या भावाला सांगताना ‘सीमा’ म्हणजे गावाची शीव नव्हे हे सांगावे लागते, आणि कोणता शब्द आपणांस खरोखर कळला आहे हे तत्काळ उमगते. घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, म्हणजे परीक्षेची घाई अनोळखी राहत नाही. शेवटच्या रात्री पुरेशी झोप घ्यावी; शिकलेले स्मृतीत दृढ होण्याचे कार्य निद्रेतही चालू असते.

इतके करूनही प्रश्नपत्रिका हाती येताच हृदय धडधडेल. अशा वेळी दिलेले काय व शोधावयाचे काय, हे प्रथम कागदावर उतरवावे. कार्यस्मृतीत ज्यास जागा उरली नाही, त्यास कागदावर जागा मिळते, आणि थांबलेला विचार पुन्हा चालू लागतो.