सी-६० : जंगलातला पायी जवान

सी-६० म्हणजे लष्कर नव्हे. गडचिरोली पोलिसांचे नक्षलविरोधी विशेष पथक. स्थापना १९९०. पहिल्या तुकडीत ६० जवान, नाव त्यावरूनच. चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा (२६ ऑगस्ट १९८२) तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता.

• जवान : जिल्ह्यातलेच तरुण, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने. गोंडी, माडिया या भाषा घरातूनच येतात, रानवाटाही.

• मोहीम : अनेकदा काही दिवसांची. शिधा पाठीवर, चाल पायी. रस्त्यात भूसुरुंग पेरलेले असतात, म्हणून गाडी शक्यतो टाळायची. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ पोलिसांच्या गाडीखाली स्फोट झाला. १५ जवान आणि चालक मृत्युमुखी पडले.

• घर : सीमेवरच्या सैनिकाचे घर लढाईपासून दूर असते. त्याला लिहिलेले पत्र ५६ किंवा ९९ एपीओ या पत्त्यावर जाते, ठाण्याचे नाव त्यात नसते. सी-६०च्या जवानाचे गाव मात्र बहुधा मोहिमेच्याच मुलखात. तो कोण, कुणाचा मुलगा, हे साऱ्यांना ठाऊक. नक्षलवाद्यांच्या धमक्या आई-वडिलांपर्यंत पोहोचत. काही कुटुंबांनी गाव, शेत सोडून गडचिरोली शहर किंवा तालुक्याचे ठिकाण गाठले.