कारणे ठेवावी कोणती, गाळावी कोणती?

कारखान्यात अपघात वाढले की चौकशी बसते आणि कारणांची यादी तयार होते. कामगाराचे वय, नोकरीची वर्षे, पाळी, खात्यातील उष्णता, ओव्हरटाइमचे तास, यंत्राचे वय, माणूस कायम की बदली. हल्ली ही यादी संगणकात घालून तज्ज्ञ एक समीकरण पुढे ठेवतात. त्यात चारच कारणे उरलेली असतात. बाकीची गळली, असे सांगण्यात येते. आमच्यासारख्या कॉलेजाची पायरी न चढलेल्या माणसानेही तेथे विचारावे, की गाळली कोणत्या रीतीने? गळलेल्या कारणावर पुढे कोणी पैसा खर्च करीत नाही. ओव्हरटाइम गळला आणि कामगाराचे वय राहिले, तर दोष कोणाच्या माथी येतो ते सांगावयास नको.

या शास्त्राला रिग्रेशन म्हणतात. आपल्या परिभाषेत समाश्रयण. इतर गोष्टी तशाच राहून ओव्हरटाइम तासाभराने वाढला तर अपघात किती वाढतील, याचा नोंदींवरून काढलेला हा अंदाज. ‘इतर गोष्टी’ कोणत्या धरल्या त्यावर तो हलतो. इंग्लंडात उडनी यूल याने १८९९ साली दारिद्र्याचा हिशेब असाच मांडला. वर्कहाउसबाहेर, घरपोच दिली जाणारी मदत, वृद्धांचे प्रमाण आणि लोकसंख्या, एवढीच कारणे त्याने धरली. घरपोच मदत वाढते तेथे सरकारी मदतीवर जगणारेही वाढतात, असे त्यास दिसले. धंद्यातील मंदी मात्र त्याच्या समीकरणात नव्हती. हा केवळ संबंध आहे, कार्यकारण नव्हे, असे त्याने तळटीपेत नमूद केले, हा त्याचा प्रामाणिकपणा. तळटीपा वाचतो कोण, हा प्रश्न वेगळा!

कारणे तीन असली तर माणूस विचाराने निवडतो. तीस असली की यंत्राकडे धाव घेतो. एकेक कारण आत घ्यावे, किंवा सर्व घेऊन एकेक बाहेर काढावे, किंवा दोन्ही करीत जावे. या तिसऱ्या ‘स्टेपवाइज’ रीतीचे संगणकी गणित एफ्रॉयमसन याने १९६० साली मांडले. शक्य ती सर्व समीकरणे तपासू म्हटले तर नुसत्या वीस कारणांची १०,४८,५७६ होतात.

या रीती किती फसव्या आहेत ते अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन याने १९८३ साली दाखविले. त्याने १०० ओळी आणि ५१ रकाने निव्वळ यदृच्छ आकड्यांनी भरले. एका रकान्याला परिणाम म्हटले, उरलेल्या ५० ना कारणे. कोणाचा कोणाशी काडीचा संबंध नाही. पहिल्या फेरीत शेकडा २५ च्या ढिल्या कसोटीला १५ कारणे उतरली, शेकडा ५ च्या कडक कसोटीला अवघे एक. मग ती १५ ठेवून बाकीची गाळली आणि गणित पुन्हा केले. आता कडक कसोटीला ६ उतरली, आणि सबंध समीकरण योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा हजारांत पाच, असा निकाल आला. शून्यातून सहा ‘कारणे’ जन्मली! निवड ज्या आकड्यांवर केली, त्याच आकड्यांनी निवडीला दाखला दिला. नाणेफेकीत जिंकलेल्यांना वेगळे काढावे आणि त्याच नाणेफेकीवरून त्यांचा हात चांगला असल्याचे प्रमाणपत्र द्यावे, तसलाच हा प्रकार.

दुसरी अडचण जोडीने चालणाऱ्या कारणांची. भट्टीच्या खात्यात उष्णता जास्त आणि यंत्रेही तेथेच जुनी असली, तर यंत्र दोघांपैकी एकालाच ठेवते. दहा नोंदी वाढवा, कदाचित दुसऱ्याला ठेवील. तेव्हा गळलेले कारण निर्दोष सुटले असे समजू नये. रॉबर्ट टिबशिरानी याने १९९६ साली मांडलेल्या ‘लासो’ रीतीत सर्व गुणकांच्या एकूण आकारावर मर्यादा घालतात. दुबळे गुणक आक्रसत शून्य होतात. मर्यादा किती कडक ठेवावी ते बाजूस राखलेल्या नोंदींवर अजमावतात. ही रीत स्टेपवाइजपेक्षा आम्हांस बरी वाटते, परंतु जोडीतील एकाला टाकण्याची खोड तिलाही आहे. होर्ल आणि केनार्ड यांची १९७० ची ‘रिज’ रीत कोणालाच टाकीत नाही, सर्वांना थोडे थोडे दाबते.

मग निवडावी कोणती? हेतू पाहावा. पुढच्या महिन्यात दवाखान्यात किती खाटा लागतील एवढाच अंदाज हवा असेल, तर लासो किंवा रिज घ्यावी आणि राखीव नोंदींवर पारखावी. परंतु अपघात कशाने होतात हे ठरवावयाचे असेल, तर आकडे पाहण्यापूर्वीच यादी कामाच्या ज्ञानाने ठरविली पाहिजे. नवख्यांनाच ओव्हरटाइम जास्त मिळत असेल आणि नवखेच जास्त जखमी होत असतील, तर नोकरीची वर्षे समीकरणात ठेवलीच पाहिजेत, कसोटीला उतरोत वा न उतरोत. उलट थकवा घालताना सावध राहावे. ओव्हरटाइमने थकवा येतो, थकव्याने हात यंत्रात जातो. थकवा समीकरणात घातला की ओव्हरटाइमचा गुणक शून्याकडे झुकतो, आणि तज्ज्ञ खुशाल सांगतो की ओव्हरटाइमचा काही संबंध नाही. गणितात चूक नसते. ‘थकवा तेवढाच राहून’ ओव्हरटाइम वाढला तर काय, या प्रश्नाचे ते उत्तर असते. आणि तसा ओव्हरटाइम कोणत्याच खात्यात होत नाही.