चिवडा सादळतोय, मग दोष कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या फरसाणच्या दुकानाची परत येणारी पाकिटं एकदम वाढली. आम्ही आजूबाजूच्या किराणा दुकानांना मक्याच्या चिवड्याची २०० ग्रॅमची पाकिटं देतो. परत आलेल्या पाकिटाचे पैसे दुकानदार पुढच्या बिलातून कापतोच, वर चार गोष्टी ऐकवतो त्या वेगळ्याच.

मी मनाशी ठरवून टाकलं होतं की दुपारी पॅकिंगला बसणाऱ्या मावशी सील नीट मारत नाहीत. दोनदा सगळ्यांसमोर बोललोही. तिसऱ्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, माझा हिशोब करून टाका." त्याच आठवड्यात मी नव्या सीलिंग मशीनचं कोटेशनही मागवलं होतं. म्हणजे कामाचं माणूस आणि गल्ल्यातले पैसे, दोन्ही जायच्या बेतात होतं. आणि हातात पुरावा काय? काहीच नाही. फक्त अंदाज.

बीबीएला असताना क्वालिटीची सात टूल्स मी परीक्षेपुरती पाठ केली होती. जपानच्या काओरू इशिकावा यांनी ती कारखान्यातल्या साध्या कामगारांना वापरता यावीत म्हणून पुढे आणली. सातही टूल्स कागद-पेन्सिलवर होतात. मी ती दुसऱ्यांना शिकवतो आणि स्वतःच्या दुकानात एकही वापरत नव्हतो, हे कबूल करायला लाज वाटते. मावशींना म्हटलं, पंधरा दिवस थांबा.

सुरुवात चेक शीटने केली. नाव मोठं आहे, पण काम म्हणजे वहीच्या पानावर रकाने आखायचे आणि पाकीट परत आलं की त्या रकान्यात एक रेघ मारायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पंधरा दिवसांत ४६ पाकिटं परत आली. सादळलेली २९, फुटलेली ७, वजन कमी ५, मीठ-तिखटाची तक्रार ३, इतर २. मोठ्यापासून छोट्याकडे अशी मांडणी केली की तोच पॅरेटो चार्ट. पॅरेटो हा इटलीचा अर्थतज्ज्ञ, त्याचं नाव या कल्पनेला जोसेफ जुरान यांनी दिलं. आमच्याकडे एकट्या सादळण्याचा वाटा ६३ टक्के निघाला. तोपर्यंत मी मिठाच्या तक्रारीवरून आचाऱ्याशीही वाद घालत बसलो होतो!

आता खरी गंमत. पाकीट कधी भरलं ते कळावं म्हणून आम्ही स्टिकरवर मार्करने ठिपका द्यायचो, सकाळी निळा आणि दुपारी लाल. २९ पैकी २४ पाकिटांवर लाल ठिपका होता. दोन्ही वेळेला पाकिटं साधारण सारखीच भरली जातात, हे इथे महत्त्वाचं, नाहीतर नुसता आकडा फसवतो. दुपारी पॅकिंगला मावशी, म्हणजे माझंच खरं ठरलं, असं वाटलं ना? मलाही वाटलं.

पण दुपार आणि मावशी या दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या होत्या. दोष वेळेचा की माणसाचा, हे त्या आकड्यातून कळतच नव्हतं. म्हणून एक आठवडा पाळ्या बदलल्या. सकाळी मावशी, दुपारी सकाळच्या ताई, आणि ठिपक्यांचे रंग वेगळे. त्या आठवड्याच्या मालातली १३ पाकिटं सादळून परत आली. त्यातली ११ दुपारची. भरलेली ताईंनी. आकडे असे वेगवेगळे पाडून बघण्याला स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात. बरेच जण शिकवताना हे टूल उरकून टाकतात. मी आता सगळ्यात जास्त वेळ यालाच देतो.

मग माशाच्या काट्यासारखी आकृती काढली, तीच इशिकावा यांची फिशबोन. डोक्याशी लिहिलं, 'दुपारचा चिवडा सादळतो'. काट्यांवर माणूस, मशीन, माल, पद्धत, हवा. हवा दमट होतीच, पण ती सकाळच्या मालालाही होती. 'पद्धत' या काट्यापाशी आलो आणि मावशीच म्हणाल्या, "दुपारचा घाणा गरम असतानाच भरतो आपण." सकाळचा माल आदल्या रात्री तळून गार झालेला असतो. दुपारचा घाणा अडीचला निघायचा आणि संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून साडेतीनला पाकिटात जायचा. आतल्या वाफेचं पाणी पाकिटातच राहायचं. सील कितीही घट्ट मारा, ओल आधीच आत. आणि ती घाई करायला सांगणारा कोण? मीच.

आता दुपारचा घाणा दोन तास उघड्या ताटांत पंख्याखाली पसरतो आणि तो माल दुसऱ्या दिवशीच्या गाडीला देतो. पुढच्या पंधरा दिवसांत एकूण २१ पाकिटं परत आली, त्यात सादळलेली ५. मशीनचं कोटेशन फाईलमध्ये पडून आहे. मावशींची माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे उलटी चूक होते. एक पाकीट १९७ ग्रॅमचं भरलं की मुलगा माप वाढवायचा, पुढचं २०८ भरलं की कमी करायचा. प्रत्येक आकड्यामागे असं धावलं तर चढउतार वाढतो. अमेरिकेच्या वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो याचसाठी, नेहमीचा चढउतार कुठला आणि खरी गडबड कुठली ते ओळखायला. रोज ५ पाकिटं तोला. त्यांची सरासरी काढा, आणि सगळ्यात जड व सगळ्यात हलक्या पाकिटातला फरक लिहा. असं वीस-पंचवीस दिवस करा. समजा एकूण सरासरी २०३ ग्रॅम आणि फरकाची सरासरी ८ ग्रॅम आली. ५ पाकिटांसाठी ८ ला ०.५७७ ने गुणायचं, येतात साधारण ४.६. म्हणजे रोजची सरासरी १९८.४ ते २०७.६ मध्ये असेल तर मापाला हात लावू नका. बाहेर गेली तर त्या दिवशी काय बदललं ते शोधा. कायद्याची मर्यादा मात्र वेगळी बघायची. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे २०० ग्रॅमच्या एका पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंत तूट चालते, पण मालाची सरासरी २०० च्या खाली जाता कामा नये.

वही अजून चालू आहे, रेघा आता मावशी मारतात. सध्या सगळ्यात लांब ओळ फुटलेल्या पाकिटांची झालीय. मावशींना संशय आहे की खोक्यात थर जास्त लागतात, आणि मला वाटतंय गाडीवाला खोकी आपटतो. सोमवारपासून खोक्यांवर ठिपके.